भिंतीतलं कडं

ही गोष्ट रचलेली नाही.

विश्वास ठेवायचा नसेल तर नका ठेवू. पण ज्या घरात हे घडलं ते घर अजून उभं आहे, त्यात माणसं राहतात, आणि जिच्या बाबतीत घडलं ती बाई आजही भर दुपारी डोळ्याला डोळा लावत नाही.

हो, दुपारी.

भुतंखेतं रात्री येतात म्हणे. इथे जे आलं ते लख्ख उन्हात आलं. जेवणं उरकलेली, भांडी पालथी घातलेली, सगळी वस्ती आडवी झालेली... अशा वेळी.

आधी त्या घराविषयी सांगायला हवं.

वस्तीच्या कडेला घरांची एक लांबच लांब बैठी रांग आहे. दगडी भिंती, उतरतं छप्पर. बाहेरून काही वेगळं वाटत नाही. आत गेलं की खटकतं. खिडक्या माणसाच्या डोक्याच्याही वर. फरशी एका बाजूला किंचित उतरती, आणि उतार संपतो तिथे भिंतीलगत एक उथळ पन्हळ. मागच्या खोल्यांच्या भिंतींत तर कमरेच्या उंचीवर ओळीने लोखंडी कडी.

कारण ती जागा माणसांसाठी बांधलेलीच नव्हती.

तो लष्कराचा तबेला होता. सामान वाहणाऱ्या खेचरांचा. लढाई संपली, खेचरं गेली, मग मध्ये भिंती घालून घरं केली आणि तिथेच नोकरी केलेल्यांना राहायला दिली. रस्त्याकडचं घर मिळावं म्हणून लोक हमरीतुमरीवर आले. एका तरुणाने मात्र सगळ्यात शेवटचं, टोकाचं घर मागून घेतलं.

का... ते तेव्हा कोणी विचारलं नाही.

तो तरुण पुढे म्हातारा झाला. वस्तीत त्यांना सगळे ‘डॉक्टर आजोबा’ म्हणायचे. ते डॉक्टर नव्हते, लष्कराच्या जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होते. पण कुणाची शेळी अडली, कुत्र्याच्या पायात काच गेली की लोक त्यांच्याच दारात यायचे. बायको गेली, मुलगा गेला. आता घरात ते, त्यांची विधवा सून, नातू आणि नातसून. सून दवाखान्यात नर्स. नातू मालट्रक चालवायचा, चार दिवस रस्त्यावर, एक दिवस घरी. नातसुनेला घरात ‘धाकटी’ म्हणत, कारण थोरली जाऊ दूर दुसऱ्या गावी असायची.

ही गोष्ट धाकटीची आहे.

धाकटी शिकलेली. पदवी घेतलेली, भुताखेतांना हसणारी. पण बाळ झालं आणि तिचं काळीज कायमचं अंगाबाहेर येऊन बसलं. बाळ झोपलं की ती त्याच्या नाकाखाली बोट धरून बघायची, श्वास येतोय ना. दूध पाजताना दार वाजलं तरी दचकायची.

आणि ते बाळ रडायचं.

साधं नाही. छप्पर हलवायचं. पोट भरलेलं असलं तरी रडायचं, कोरडं असलं तरी रडायचं. शेजारी शिवणकाम करणारी बाई राहायची, ती भिंतीवर थाप मारून ओरडायची, “अगं ए धाकटे, तुझ्या या भोंग्याला बटण नाही का कुठे?”

झालं. तेव्हापासून बाळाचं नाव भोंगाच पडलं.

नवरा म्हणायचा, “तिकडे इंजिन, इकडे हे. इंजिन निदान बंद तरी करता येतं.”

साऱ्या रांगेत त्या रडण्याला एकच माणूस हसून दाद द्यायचा. डॉक्टर आजोबा. बाळाने टाहो फोडला की म्हातारा खाटेवर उठून बसायचा आणि गाणं ऐकावं तशी मान हलवायचा.

“रडू दे गं पोरी. आवाज आहे ना त्याला! रडणाऱ्या लेकराची काळजी करू नये. गप्प लेकराची करावी.”

धाकटीला वाटायचं, ह्यांचं काय जातंय. कडेवर घेऊन फेऱ्या मला माराव्या लागतात.

त्या दुपारी बाळ सकाळपासून रडत होतं. सासूबाई कामावर. नवरा गाडीवर. आजोबा पुढच्या खोलीत झोपलेले. धाकटीने पाजलं, थोपटलं, पाठीवर घेतलं, पालथं घातलं. काही केल्या थांबेना. शेवटी मागच्या खोलीतल्या पाळण्यात ठेवलं आणि ती स्वयंपाकघरात आली. पाळण्याची दोरी भिंतीतल्या शेवटच्या कड्यातून ओवून तिने स्वयंपाकघरापर्यंत आणली होती, काम करता करता झोका देता यावा म्हणून.

तिने दोरी ओढली. रडणं सुरूच.

मग तिने फडताळातला कापसाचा डबा काढला. दोन बोळे केले. आणि कानात घातले.

“एकदाचा हा आवाज बंद होऊ दे,” ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली.

आणि...

आवाज बंद झाला.

तिला वाटलं, कापूस. तिने एक बोळा काढला. शेजारच्या शिलाई मशिनची खडखड ऐकू आली. नळाचं टपटप ऐकू आलं. पाळण्याचं कर्र... कर्र... ऐकू आलं.

रडणं नाही.

तिला बरं वाटलं.

हे ती पुढे कधी विसरली नाही. आधी भीती नाही वाटली, बरं वाटलं. तिने तोंड धुतलं. निवांत चहा केला, कितीतरी दिवसांनी गरम प्यायली. कप विसळला. मग तिच्या लक्षात आलं, बाळ झोपलंय तर पाळणा एवढा का हलतोय?

ती आत गेली.

बाळ जागं होतं.

तोंड टाळू दिसेपर्यंत उघडं. चेहरा लालबुंद. मुठी आवळलेल्या, पाय झाडत होतं. डोळ्यांतलं पाणी ओघळून कानात साचलेलं. ते जीव खाऊन रडत होतं.

आणि खोलीत चकार आवाज नव्हता.

फक्त पाळणा. कर्र... कर्र...

तिने त्याला उचललं आणि धावली. उंबरठा ओलांडला मात्र, मडकं फुटावं तसा आवाज फुटला. इतका की आजोबा पुढच्या खोलीत दचकून उठले आणि शेजारणीने भिंतीवर थाप मारली.

संध्याकाळी सासूबाईंनी चमचा आणि बॅटरी घेऊन बाळाचा घसा पाहिला. “ही बघ, पडजीभ इथून दिसतेय. आणि म्हणे आवाज नाही! तुझी झोप झालेली नाही गं, दुसरं काही नाही.” तरी दुसऱ्या दिवशी त्या धाकटीला आणि बाळाला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे भोंग्याने असा सूर लावला की डॉक्टर हसत सुटले.

“बाई, ह्याचा घसा तपासायचा म्हणजे मलाच कानात बोळे घालावे लागतील.”

धाकटी चटका बसल्यासारखी मागे सरली. बोळ्यांचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

नवरा फोनवर म्हणाला, “तसली खोली असेल तर मलाच दे. झोप तरी लागेल.”

सगळे हसले. डॉक्टर आजोबा हसले नाहीत. ते पाण्याचा पेला हातात धरून बसले होते.

“पोरी,” ते हळूच म्हणाले, “मान कशी होती त्याची? वर?”

“हो. वर ताणलेली.”

“पाळणा कुठे होता? खिडकीखालच्या... शेवटच्या कड्याशी?”

“दोरी त्याच कड्यातून ओवलीय आजोबा. का?”

त्यांनी पेला खाली ठेवला. पाणी तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात ऊन घेत बसले असताना त्यांनी आपणहून विषय काढला. थेट नाही. आधी लढाईचंच सांगत राहिले.

“लोकांना वाटतं लढाई बंदुकीवर चालते. पोटावर चालते गं. वर डोंगरात चौकी, तिथे माणसं. खाली पीठ, डाळ, गोळ्या, रॉकेल. मध्ये नुसते उभे डोंगरकडे. ट्रक जाईना, गाडी जाईना. जाणार कोण? खेचर. दोन्ही बाजूंना सारखं वजन बांधायचं आणि सोडायचं. त्यात गंमत अशी की खेचरालाही खायला लागतं. वाट लांबली की ते पाठीवरचंच खाऊन संपवतं. म्हणून थांबायला फुरसत नाही. रसद म्हणजे घाई, पोरी. सगळी घाई.”

“आणि मान वर असण्याचं काय?”

त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली.

“खेचर ओरडलं की तीन डोंगर पलीकडे ऐकू जातं. शत्रूला कळतं, रसद निघाली. म्हणून...” त्यांनी आपल्या गळ्यावरून बोट फिरवलं. “मारायचं नाही. भूल द्यायची आणि आतलं एवढंसं काढून टाकायचं. जनावर जगतं, खातं, ओझं वाहतं. फक्त ओरडत नाही. म्हणजे ओरडतं. मान वर करून, तोंड उघडून ओरडतं. आवाज येत नाही.”

धाकटीने बाळाला छातीशी घट्ट धरलं.

“इथेच करायचो. ह्याच रांगेत. आणि काय हुशार जात बघ, आवाज गेला तर ती कडं वाजवायला शिकली. तहान लागली की दाव्याला हिसका देऊन कडं भिंतीवर आपटायची. ठण्ण... ठण्ण... पाणी ओतलं की गप्प.”

“आणि ते शेवटचं कडं?”

“ते घोडीचं. खेचरांच्या पुढे एक घोडी चालते. खेचरं माणसाचं ऐकत नाहीत, तिच्या हाकेमागे जातात. धुक्यात दिसलं नाही तरी हाक ऐकून ओळ धरतात. म्हणून तिच्या गळ्याला हात लावायचा नसतो. तिला घेऊन जाणारा आमचा एक दोस्त होता. सगळे गवई म्हणायचे त्याला. आवाज फाटका, पण घोडीला रोज गाणं म्हणून दाखवायचा, तिला माझी बाई म्हणायचा. मला सांगून गेला होता, माझ्या बाईला सांभाळ रे.”

“मग?”

“मग वरून निरोप आला. लवकर पाठवा. त्या दिवशी रांगेत जे उभं होतं ते सगळं उरकलं.”

“घोडीचंही?”

आजोबा डाव्या हाताने उजव्या हाताची बोटं चोळत राहिले.

“डोंगरात दरड आली,” ते पुढे म्हणाले. “धुकं होतं. ओळ तुटली, जनावरं पांगली. गवई छातीवर पडला, त्याला ओरडता येईना. आम्ही शोधायला गेलो. गवई आणि घोडी होती त्या जागेच्या खालूनच गेलो, परतही आलो. थांबून थांबून कान दिले. रान चिडीचूप. आम्ही म्हटलं, इथे कुणी नाही. धुकं उठलं तेव्हा दिसलं. डोक्यावरच्या डोंगरकड्याच्या टोकाला घोडी उभी होती. मान वर, तोंड उघडं. किती वेळ हाका मारत होती, देव जाणे. गवई तिच्या पायाशी. थंडीने गेला होता. वर चौकीतली माणसं चामडं उकळून खात बसली होती.”

ते उठले. काठी टेकत आत जाता जाता थांबले.

“त्या खोलीत आवाज गेलाच तर कडं वाजव, पोरी. कडं ऐकू येतं.”

धाकटीने बाळाला मागच्या खोलीत ठेवायचं बंद केलं. नवऱ्याच्या मागे दुसऱ्या घराचा लकडा लावला. तोही बघू बघू म्हणाला. पण सासूबाईंना हे सगळं थोतांड वाटत होतं. मागची खोली घरात सगळ्यात गार. सुट्टीच्या दिवशी धाकटी न्हाणीघरात असताना त्यांनी बाळाला तिथेच पाळण्यात निजवलं आणि ओट्याशी भांडी घासत बसल्या.

धाकटी केस पुसत बाहेर आली. घरात शांत होतं.

भांड्यांचा आवाज येत होता. आणि... कर्र... कर्र...

ती आत धावली.

पाळण्याची दोरी कड्यातून निसटून आत पडली होती. बाळाने हातपाय झाडून ती स्वतःभोवती गुंडाळून घेतली होती आणि तिचा एक वेढा गळ्याला होता. तोंड उघडं. ओठ निळसर. पाळणा हलला की वेढा आवळत होता.

तिने वेढ्याखाली दोन बोटं घातली. सैल होईना. बोटं काढली तर पुन्हा आवळेल. दुसऱ्या हाताने पाळणा थोपवून धरला. कात्री हवी होती. कात्री स्वयंपाकघरात.

“आई!” ती किंचाळली.

तिचा स्वतःचा आवाज तिला ऐकू आला नाही.

पुन्हा किंचाळली. घसा सोलवटला. पण खोलीत काही नाही... तिकडे भांड्यांवर भांडी.

पाळणा तिने गुडघ्याने दाबला, मोकळा हात लांब केला, कडं धरलं आणि भिंतीवर आपटलं.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

भांडी थांबली. सासूबाई राखेच्या हातांनी दारात आल्या, बघितलं आणि उलट्या पावली कात्रीला धावल्या. दोरी कापली. बाळाला घेऊन दोघी बाहेर पडल्या तेव्हा कुठे ते खोकलं, आणि मग त्याने असा टाहो फोडला की धाकटी फतकल मारून जमिनीवर बसली आणि हसत रडत राहिली.

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. “मी तुला हाका मारत होते आत,” त्या म्हणाल्या. “बाळाला धर, बाळाला धर म्हणत होते. तुला... ऐकू आलं नाही ना?”

“नाही आई.”

“मलाही नाही आलं.”

त्यानंतर थोतांड हा शब्द त्यांनी काढला नाही.

बाळाच्या गळ्यावर बारीक लाल रेघ उमटली होती. आजोबांनी ती पाहिली. आपल्या बोटाने जशी रेघ काढून दाखवली होती, अगदी तिथेच. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. संध्याकाळी उठून आपली वळकटी उचलली.

“आजपासून मी मागे निजतो.”

“मामंजी, काहीतरीच काय! आपण कुलूप घालू त्या खोलीला,” सासूबाई म्हणाल्या.

“कुलूप घालून तहान भागत नाही. त्यांना बाळ नकोय गं. बाळ सापडलं एवढंच.”

धाकटी म्हणाली, “नको हो आजोबा.”

एकदाच म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, हात धरून अडवायला हवं होतं. पण तिच्या कडेवर बाळ होतं, आणि त्याच्या गळ्यावर रेघ होती.

आजोबांनी आपली खाट शेवटच्या कड्याखाली घातली. एक बादली भरून ठेवली. सासूबाई सकाळ-संध्याकाळ डोकावायच्या. म्हातारा मजेत दिसायचा.

पण दुपारी... सगळं निजलं की मागच्या खोलीतून आवाज यायचा.

ठण्ण... मग बराच वेळ काही नाही. ठण्ण-ठण्ण... हिसका दिल्यासारखा, कसाही, केव्हाही. मग आजोबांच्या काठीचा आवाज. मग बादली सरकल्याचा. पन्हळीत पाणी पडल्याचा. आणि शांत.

धाकटीने एकदा धीर करून विचारलं, “आजोबा, कडं तुम्ही वाजवता?”

“मी कशाला वाजवू?” म्हातारा हसला. “आज घोडी सगळं पाणी प्यायली. आता माझ्यावर तेवढा राग नाही.”

तिने खोलीत डोकावून पाहिलं. पन्हळ कोरडी ठाक होती. फरशीवरही थेंब नव्हता.

हळूहळू सवय झाली. माणसाला कशाचीही होते. बाळ आता पुढच्या खोलीत निजायचं, रडायचं, भिंतीवर थाप पडायची. घर घरासारखं झालं. दुपारी कडं वाजलं की धाकटी मनात म्हणायची, आजोबा आहेत ना, देतील पाणी.

आता जी दुपार सांगायची, त्या दुपारी सासूबाई कामावर होत्या. नवरा गाडीवर. बाळ फार रडून नुकतंच झोपलं होतं, धाकटीच्या दंडावर डोकं ठेवून.

ठण्ण.

देतील पाणी, ती म्हणाली.

ठण्ण.

काठी वाजली नाही.

ठण्ण.

बादली सरकली नाही.

धाकटीने डोळे उघडले. ती लक्ष देणारी बाई. तिला लगेच कळलं की आजचं वाजणं वेगळं आहे. हिसका नव्हता. एकसारखं होतं. थांबून, जोर गोळा करून, पुन्हा. कुणी दार ठोठावावं तसं.

ठण्ण.

ती उठली. मधल्या दारापर्यंत गेली. कडीवर हात ठेवला.

आणि तिला वाटलं... आत ती जनावरं असतील तर? आजोबांना करायचं ते करून झालं असेल, आता पुन्हा बाळ हवं असेल तर? आपल्याला बोलवायलाच वाजवत असतील तर? आपण आत गेलो आणि इकडे बाळाजवळ कुणी नाही...

तिने दार ढकललं नाही.

तिने दाराला कडी घातली.

ठण्ण.

बाळ झोपेत चुळबुळलं. ती येऊन त्याला कुशीत घेऊन बसली. कडं वाजतच राहिलं. मध्ये थांबायचं. संपलं वाटायचं. पुन्हा वाजायचं, आधीपेक्षा हळू.

कापसाचा डबा हाताशीच होता.

तिने दोन बोळे केले.

सासूबाई परतल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. त्यांनीच कडी काढली.

आजोबा खाटेखाली भिंतीशी पडले होते. एक हात वर, मनगटापर्यंत कड्यात अडकलेला. मान ताणलेली. तोंड उघडं. कडं जिथे भिंतीला लागत होतं तिथला वर्षानुवर्षांचा गंज घासून निघाला होता, लोखंड चकाकत होतं.

बादली भरलेली होती. काठोकाठ.

सासूबाईंनी नाडी बघितली. नर्स होत्या, त्यांना लगेच कळलं. छातीत कळ आली असणार. त्या खाली बसल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, “थोडं आधी कळलं असतं तर...”

मग त्यांनी वर पाहिलं. “तू घरातच होतीस ना गं? मामंजींनी हाक नाही मारली?”

धाकटी दाराच्या आत उभी होती. बाळ कडेवर. एका कानात अजून बोळा होता, पदराखाली.

“नाही आई,” ती म्हणाली. “हाक नाही ऐकली.”

हे अगदी खरं होतं.

एक गोष्ट तिच्या तेव्हा ध्यानात आली नाही. नंतर आली. त्या दोघी हे बोलल्या ते त्याच खोलीत. आणि दोघींना एकमेकींचं ऐकू आलं होतं.

त्या दिवसापासून मागच्या खोलीत आवाज येतो. बाळ तिथे रडतं, हसतं, आता बोबडं बोलतं. पाण्याची बादली भरून ठेवली तर भरलेलीच राहते. नवऱ्याने दुसरं घर पाहिलं होतं. धाकटीच म्हणाली, नको, इथेच राहू. शेजारीण म्हणते, “भोंग्याची आई सुधारली हो. पोरगं कुं म्हणायच्या आत धावते.” घरात कापूस मात्र धाकटी आणू देत नाही. सासूबाईंनी कारण विचारलं नाही. कधीतरी त्या तिच्याकडे नुसत्याच बघत बसतात, एवढंच.

आणि अजून एक.

दुपारी, सगळं निजलं की कडं वाजतं. हिसका दिल्यासारखं नाही. एकसारखं. थांबून, जोर गोळा करून.

तिच्याशिवाय ते कुणाला ऐकू येत नाही.

कडं वाजलं की धाकटी उठते. हातातलं टाकून उठते, ताटावरून उठते. एकदासुद्धा चुकवत नाही. मधलं दार उघडते. आत कुणी नसतं. खाट, बादली, भिंत. कडं स्थिर लटकत असतं, घासलेल्या जागी चकाकत.

“आले हो आजोबा,” ती म्हणते.

निदान ओठ तरी तसे हलतात.